चाळीस शब्दांची पाटी

मामांच्या हातात कागद दिला आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसले. कागदावर चाळीस शब्द होते. आमच्या कॉलेजच्या बोळात जुन्या छायाचित्रकारांची पंधरा-वीस छायाचित्रं लावायची आहेत आणि एकाही चित्राखालची पाटी चाळीस शब्दांपुढे जाऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. मुलं त्यापेक्षा जास्त वाचत नाहीत, असं समितीचं मत. मी कलेचा इतिहास शिकवते, म्हणून पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.

मामांनी कोल्हापुरात पंचेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यांच्याआधी आजोबांनी. खालच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात; माडीवर मात्र एन्लार्जर चादरीखाली उभा आहे आणि भिंतीला लागून काचांच्या पेट्या आहेत. मामांनी चष्मा नाकावर ओढला, शर्टाच्या खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पाटीतला एक शब्द खोडला.

"हे काय केलंत?"

"'पहिली' काढलं. वाच आता."

मी वाचलं. 'होमाई व्यारावाला (१९१३–२०१२). भारतातील महिला छायावृत्तकार.' पुढे पद्मविभूषण, नेहरू, लाल किल्ला वगैरे.

"मामा, तोच तर मुद्दा आहे! त्या पहिल्या होत्या."

"असतील. शर्यतीत कोण पहिलं आलं ते लिहितात, कारण तिथे बघण्यासारखं दुसरं काही नसतं. फोटोखाली कशाला? माणूस 'पहिली' वाचतो, मान हलवतो आणि पुढच्या फोटोकडे जातो. बघायचं राहूनच जातं."

"पण 'पहिली' म्हणजे पुढे वाट दाखवायला कुणी नव्हतं. नवसारीत पारशी कुटुंबात जन्म, वडील नाटक कंपनीत नट, मुंबईत शिक्षण, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. एकीकडे चित्रकला शिकायची, दुसरीकडे माणेकशा व्यारावालांकडून कॅमेरा शिकायचा. मुंबईतल्या बायकांच्या एका सहलीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले, फोटोमागे एक रुपया देऊन. १९४२ मध्ये दिल्ली गाठली, ब्रिटिशांच्या माहिती खात्यात नोकरी. साडी नेसून, सायकलवर सामान बांधून कामाला जायच्या. हे सगळं त्या एका शब्दात आहे."

"हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. त्या शब्दात काही नाही," मामा म्हणाले. "आणि पहिली म्हणजे नेमकी कशात? फोटोग्राफर दीनदयाळांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, तो कोण चालवायचं?"

"एक इंग्रज बाई. १८९२ मध्ये."

"झालं. मग बंगालकडे कुणी?"

"अन्नपूर्णा दत्त. कोलकात्यात धंदा म्हणून फोटो काढायच्या, होमाईंच्या आधी." मला हे उत्तर देताना जरा अडचण झाली. "म्हणूनच तर 'छायावृत्तकार' लिहिलंय. वर्तमानपत्रासाठी काम करणारी पहिली."

"म्हणजे 'पहिली' टिकवायला मागे एक-एक विशेषण जोडायचं. पहिली महिला, पहिली पारशी महिला, दिल्लीतली पहिली पारशी महिला. असा पहिला नंबर मीही काढू शकतो. या गल्लीतला रंगीत रोल धुणारा पहिला माणूस!"

मला हसू आलं, पण हार मानायची नव्हती.

"बरं, तुमचा नियम काय? आयुष्याबद्दल काहीच लिहायचं नाही?"

"फोटो बघायचा. हात कसा चाललाय ते बघायचं. उजेड कुठून घेतला, वेळ कशी साधली, चौकटीत काय ठेवलं, काय कापलं. फोटोग्राफरच्या घरी चूल पेटली की नाही, याच्याशी बघणाऱ्याला काय करायचंय? आमच्याकडे अबालालांचं काय झालं बघ की."

अबालाल रहिमान कोल्हापूरचे. जे. जे.त शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार. रंकाळा आणि कोटितीर्थावरची त्यांची जलरंगातली निसर्गचित्रं पाहिलेली माणसं पुन्हा तळ्याकाठी गेली की थोडा वेळ गप्प बसतात.

"कोल्हापुरात कुणालाही विचार, अबालाल म्हटलं की काय सांगतो? महाराज गेले आणि अबालालांनी आपली चित्रं पाण्यात सोडली. फकीर माणूस होता. पैशाला शिवायचा नाही. इथवर सगळ्यांना पाठ. मग विचार, रंकाळ्यावरच्या चित्रात पाणी कसं रंगवलंय? कागद कोरा कुठे सोडलाय? एकालाही सांगता येत नाही. चित्रं थोडी उरली आणि गोष्ट उरली ढीगभर. गोष्टीनेच चित्रं बुडवली म्हणेन मी."

ही चपराक मला लागली. मीच दरवर्षी वर्गात अबालालांची गोष्ट सांगते, आणि वर्ग थरारतो. स्लाइड मात्र दहा सेकंदांत पुढे सरकते.

"तुमचं अर्धं मान्य," मी म्हटलं. "पण आयुष्य गाळलेली चित्रं कशी दिसतात, तेही बघा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर होता. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंची दोन मोठी पुस्तकं काढली. प्रत्येक फोटोखाली जातीचं नाव. माणसाचं नाव नाही. आणि गंमत अशी की माणसं एकीकडे उभी केलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलं."

"जोडकाम?" मामांचे डोळे चमकले. "त्या काळात? कापून चिकटवून, कडा सफाईनं घालवून?"

"हो."

"काम सोपं नाही हां ते. पायाखालची सावली जुळवायला फार त्रास पडतो. बघायला पाहिजेत."

"बघा की, तुम्ही हातच बघितलात. मी सांगते ते असं की त्या पुस्तकातली माणसं कुणीही नाहीत. त्यांचं आयुष्य काढून घेतलं आणि कपडे, पागोटं, बैठक तेवढी ठेवली. तेव्हा मुंबईत आपली माणसंही कॅमेरा शिकत होती. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ नारायण दाजी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला, गोव्याकडचा माणूस. दिवसा नाडी बघणारा आणि हौसेने काचेवर रसायन ओतणारा. आता सांगा, तोच कॅमेरा साहेबाच्या हातात असणं आणि नारायण दाजींच्या हातात असणं, यात काहीच फरक नाही?"

"फोटोत फरक दिसला तर आहे. नाही दिसला तर नाही."

"आणि दिसण्यासाठी हे माहीत असायला नको?"

मामा उत्तर न देता उठले, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून आणलं. दीनदयाळांच्या छायाचित्रांचा संग्रह. एका राजवाड्याच्या दर्शनी भागाचं पान उघडलं आणि पेन्सिलीचं मागचं टोक खांबांवरून वरून खाली फिरवलं.

"हे बघ. एकही खांब आत झुकलेला नाही. कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडते, ठाऊक आहे ना? या माणसाने कॅमेरा पाणसळ लावून सरळ ठेवलाय आणि नुसतं भिंग वर सरकवलंय. आमच्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे सुचत नाही. का सुचलं त्यांना?"

"का?"

"इंजिनियर होते ना ते! रुरकीला शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. रेषा उभी म्हणजे उभीच पाहिजे, ही खोड आयुष्यभराची—"

ते मध्येच थांबले. मी काही बोलले नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

"बरं, बरं," मामा म्हणाले. "पण मी खांबापासून सुरुवात केली, रुरकीपासून नाही. हा फरक आहे. आधी खांब सरळ दिसला, मग का म्हणून विचारलं, तेव्हा रुरकी आली. तू आधी रुरकी सांगतेस आणि खांब राहून जातो."

हे मात्र मला लिहून ठेवावंसं वाटलं, आणि मी ते कागदाच्या मागे लिहिलं.

मामींनी पोहे आणून ठेवले. मी पिशवीतून होमाईंचं छायाचित्र काढलं, आमच्या बोळात लावायचं तेच. विमानातला प्रसंग आहे. ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी श्रीमती सायमन यांच्या ओठात सिगारेट, आणि पंडित नेहरू ती पेटवून देताहेत. नेहरूंच्या स्वतःच्या ओठातही सिगारेट आहे. मामांनी ते खिडकीजवळ नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "एक. दोन चेहरे, दोन सिगारेटी, मधे एक जळती काडी. नजर कुठे जाते? काडीवर. ओठात सिगारेट धरून दुसऱ्याची पेटवताना माणसाचं लक्ष त्या काडीवरच असतं, कॅमेऱ्याकडे नसतं. पंतप्रधान असला तरी. तेवढा क्षणभर तो पंतप्रधान नसतो. दोन. काडी ओठांपाशी असते किती वेळ? दोन-तीन सेकंद. तेवढ्यात खटका. तीन. दिल्लीच्या प्रेस फोटोग्राफरांकडे त्या काळी कुठले कॅमेरे होते?"

"होमाईंकडे स्पीड ग्राफिक होता आणि रोलिफ्लेक्सही."

"स्पीड ग्राफिक! आजोबांना एकाने विकायला आणून दाखवला होता, उचलताना माझा खांदा भरून आला. एका होल्डरमध्ये दोन फिल्म, एक पुढे एक मागे. पहिली काढलीस की होल्डर बाहेर, उलटा, पुन्हा आत, झाकण ओढ, खटका चढव. फ्लॅशचा बल्ब प्रत्येक वेळी नवा. फुटलेला तापलेला असतो, बोटं भाजतात. म्हणजे एका प्रसंगाला एकच फोटो समज. आणि रोलिफ्लेक्स पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं. डावं उजवं उलटं दिसतं तिथे. पण त्याचा एक फायदा आहे. तुझी नजर समोरच्यावर नसते. खाली मान घातलेल्या माणसाला कुणी बिचकत नाही."

"तुम्ही म्हणताय ते त्यांच्या आयुष्यालाही लागू आहे," मी म्हटलं. "सुरुवातीला साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय, हौस म्हणून मिरवत असेल, असं लोकांना वाटायचं. कुणी मनावर घ्यायचं नाही. म्हणून भलत्यासलत्या ठिकाणीही त्यांना कुणी अडवायचं नाही. हे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलंय, आणि तो माझा फायदाच झाला असं म्हणून सांगितलंय."

मामांनी छायाचित्र पुन्हा उचललं. या वेळी जवळ धरलं नाही, हाताच्या अंतरावर धरलं.

"किती लांब असेल ही?" ते स्वतःशीच बोलले. "चेहरे एवढे भरले आहेत... चार फूट. फार तर पाच. पंतप्रधानांपासून पाच फुटांवर, विमानात, एक बाई कॅमेरा घेऊन उभी आहे आणि तिच्यासाठी कुणी मान वळवलेली नाही. हा फोटो काडीने काढलेला नाही, या पाच फुटांनी काढलाय."

"पण हा पन्नासच्या दशकातला," मी म्हटलं. "तोवर दिल्लीत त्यांना सगळे ओळखत होते. त्यांच्या मागून आलेले फोटोग्राफर त्यांना 'मम्मी' म्हणायचे. म्हणजे आधी कुणी मोजत नव्हतं म्हणून जवळ जाता आलं, आणि नंतर विश्वास बसला म्हणून. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा चढला तेव्हा त्या होत्या. फाळणीच्या ठरावाला काँग्रेसवाल्यांनी हात वर केले, त्या सभेत होत्या. गांधीजींच्या अंत्यसंस्काराला होत्या. असं एकेक पाऊल करत त्या या पाच फुटांपर्यंत आल्यात. आणि मला हे आयुष्य माहीत असल्याशिवाय पाच फुटांची किंमत कळत नाही."

"आणि मला पाच फूट दिसल्याशिवाय आयुष्य विचारावंसं वाटत नाही."

आम्ही दोघेही पोह्यांकडे वळलो. भांडण मिटलं म्हणून नाही, पोहे गार होत होते म्हणून.

खाता खाता मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मुद्दाम सांगितली. ३० जानेवारी १९४८. होमाई बिर्ला हाउसमधल्या गांधीजींच्या प्रार्थनेसाठी निघाल्या होत्या. नवऱ्याने, माणेकशांनी, परत बोलावलं. उद्या दोघं मिळून जाऊ, दोन्ही कॅमेरे घेऊन जाऊ, असं ठरलं. उद्या प्रार्थना झाली नाही. ही चुटपुट त्यांना शेवटपर्यंत राहिली.

"आता सांगा मामा, हा फोटो मी भिंतीवर कुठे लावू? तुम्ही म्हणता काम बघा. या दिवसाचं त्यांचं काम काहीच नाही. पण याशिवाय त्यांचं काम पुरं होतं का?"

मामांनी चमचा खाली ठेवला.

"न काढलेल्या फोटोचं कौतुक करायचं म्हणतेस?"

"कौतुक नाही. मोजदाद."

"हं." ते थोडा वेळ गप्प राहिले. "हे खरं आहे. प्रत्येक फोटोग्राफरकडे असा एक असतो. माझ्याकडेही आहे. बाबांचं शेवटचं आजारपण. सगळ्या गावाचे फोटो काढले मी, त्यांच्या उशाशी कॅमेरा नेला नाही. वाटलं, बरे होतील मग काढू." मग लगेच सावरून: "पण ते पाटीवर लिहायचं नसतं. पाटी चाळीस शब्दांची आहे."

"त्यांनी १९७० मध्ये काम सोडलं, तेही लिहायचं नसतं? नवरा आदल्या वर्षी गेला होता. नवे फोटोग्राफर रेटारेटी करतात, रीतभात पाळत नाहीत, असं वाटलं म्हणून कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. पुढे चाळीसेक वर्षं जगल्या. बडोद्यात एकट्या राहायच्या, स्वतःची कामं स्वतः करायच्या. लोक विसरून गेले होते. मग एकविसाव्या शतकात पुस्तक आलं, संग्रह जपला गेला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या."

"विसरून गेले, म्हणजे फोटो विसरले?"

"नाही. फोटो तर पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून सगळीकडे होते. नाव विसरले. सुरुवातीला तर नावच नव्हतं. 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये त्यांचे फोटो यायचे ते माणेकशांच्या नावावर, कारण या बाईला कोण ओळखतं! नंतर 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं."

"डालडा?" मामी स्वयंपाकघरातून हसल्या. "तुपाचा डबा?"

"गाडीचा नंबर होता डीएलडी १३. जन्म तेराचा, आणि तेराव्या वर्षी नवऱ्याशी ओळख झालेली. म्हणून डालडा १३."

मामी हसत होत्या, मामा हसले नाहीत. मला वाटलं, कंटाळले. ते उठून कोपऱ्यातल्या लाकडी उतरत्या डेस्ककडे गेले. या डेस्कला मी लहानपणापासून शाळेचं बाक समजत आले. वरच्या फळीत हाताच्या पंजाएवढी चौकोनी खिडकी, तिच्यात दुधी काच, खाली तिरपा आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडतो आणि वरच्या काचेतून वर येतो.

"टचिंगचं डेस्क," मामा म्हणाले. पेटीतली एक काचेची निगेटिव्ह काढून त्यांनी खिडकीवर ठेवली. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. एक मुलगी, सोळा-सतरा वर्षांची, नऊवारी, नाकात नथ. "लग्नाला दाखवायचा फोटो. भिंगातून बघ. गालावर."

भिंगातून गालावर पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके दिसले. शेकडो. स्वल्पविरामासारखे, एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही.

"देवीचे वण होते पोरीला. निगेटिव्हवर वण म्हणजे कमी काळी जागा. तिथे शिसं भरलं की छापताना ती जागा उजळते, वण जातो. आधी काचेवर औषध चोळायचं, नाहीतर शिसं धरत नाही. पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची. हात जरा जड पडला की गालावर डाग दिसतो. एका चेहऱ्याला तास-दीड तास. एवढ्या फोटोंवर लग्नं जमली कोल्हापुरात."

"आजोबांचा हात एवढा बारीक होता?"

"बाबांचा? बाबांना कागदाची घडीही धड घालता यायची नाही. आईचा होता."

मी भिंग खाली ठेवलं.

आजी माझ्या आठवणीत आहे ती डोळ्यांत थेंब घालून घेणारी, वाती वळताना कापूस नाकाजवळ नेणारी. म्हातारपणामुळे दिसत नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो. मामा सांगत होते: दुपारची जेवणं आटोपली की आजी या डेस्कवर बसायची, तीन ते पाच, उजेड असेपर्यंत. सतरा-अठरा वर्षं. देवीचे वण, कपाळावरच्या आठ्या, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या. गिऱ्हाईक बाहेर म्हणायचं, तुमच्या स्टुडिओत माणूस देखणा निघतो. आजोबा म्हणायचे, भिंग जर्मन आहे आमचं.

मी जवळच्या पाकिटातला एक जुना फोटो उलटा केला. मागे जांभळ्या शाईचा गोल शिक्का: आजोबांचं नाव, 'फोटोग्राफर', कोल्हापूर.

"मामा," मी म्हटलं, "आयुष्याशी काय करायचंय म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग इतकी वर्षं हे कुणाला का सांगितलं नाहीत? आईलाही माहीत असेल. ती कधी बोलली नाही."

"त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. घरची बाई दुकानात हात लावते, यात काय नवल? शेतात लावतात, दुकानात लावतात." ते डेस्कच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, कडा तिथे झिजून गुळगुळीत झाली होती. "आणि खरं सांगू? टचिंग चांगलं जमलं तर ते दिसतच नाही. दिसलं तर वाईट. आता न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कसं करायचं? तुम्ही शिकवणारे लोक सांगा."

मला सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले की या काचा मी पुण्याला नेते, साफ करून नीट ठेवते. मामा म्हणाले, उशीर झाला. काचा महाग झाल्या तेव्हा आजोबांनी जुन्या काचांच्या चळती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घालून घासल्या आणि महाद्वार रोडवरच्या फ्रेमवाल्याला विकल्या. आजीचे ठिपके त्या पाण्यात गेले. गावातल्या कितीतरी देव्हाऱ्यांतल्या तसबिरींवर तीच काच असेल. राहिल्या त्या या दोन पेट्या.

मग आम्ही पाटीला बसलो. मी 'पद्मविभूषण' काढलं. मामांनी आश्चर्याने पाहिलं. त्यांनी 'लाल किल्ला' काढला. म्हणाले, तो फोटो वेगळा लाव, इथे काय काम? नवऱ्याच्या नावाचं वाक्य घालायचं की नाही यावर पुन्हा पाऊण तास गेला. माझं म्हणणं, मुलींना हे कळायलाच हवं. मामांचं म्हणणं, माणेकशांनीच त्यांना कॅमेरा शिकवला, एका ओळीत त्या माणसाला खलनायक करू नकोस. शेवटी 'नवऱ्याने छापली' होतं त्याचं 'नवऱ्याच्या नावाने छापून आली' केलं. 'पहिली' परत घ्यायला मामा तयार झाले, पण एका अटीवर: सगळ्यात शेवटी. तोवर बघणाऱ्याने फोटो पाहिलेला असेल.

संध्याकाळी कागदावर हे राहिलं:

'होमाई व्यारावाला (१९१३–२०१२). मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकल्या, दिल्लीत नावारूपाला आल्या. सुरुवातीची छायाचित्रं नवऱ्याच्या नावाने छापून आली. इथे नेहरूंकडे नंतर बघा. छायाचित्रकार कुठे उभ्या आहेत ते आधी शोधा. एवढ्या जवळ यायला त्यांना वर्षं लागली. या कामातली देशातली पहिली स्त्री म्हणून त्यांना ओळखतात.'

मामांनी बोटाने शब्द मोजले. चाळीस भरले. कागद परत देताना म्हणाले, "आयुष्य जास्त झालंय, पण चालेल."

निघताना त्या नऊवारीतल्या मुलीची काच मी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. पुण्याला तिचा ठसा काढून घेणार होते. मामांनी पाकीट मागून घेतलं. पाकिटावर आजोबांच्या अक्षरात तारीख होती, गिऱ्हाइकाचं आडनाव होतं, जमा रक्कम होती. मामांनी लाल पेन्सिल काढली, थोडा वेळ तशीच धरली, मग ती खिशात ठेवून ड्रॉवरमधली दुसरी काढली. टचिंगची, बोटभर उरलेली. तिने खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'टच' लिहिलं आणि पुढे आजीचं नाव. शिसं कडक होतं. अक्षरं इतकी फिकट उमटली की वाचायला मला पाकीट खिडकीपाशी न्यावं लागलं.